सतरा किलोमीटरची लहर आणि बुटका मनोरा

२४ डिसेंबरची सकाळ. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर वारबर्गजवळ ग्रिमेटॉन नावाचं खेडं आहे. तिथल्या उंच छताच्या एका जुन्या दालनात काही माणसं एका यंत्राभोवती जमतात. यंत्र म्हणजे एक मोटर, दातेरी चाकांची पेटी आणि पलीकडे जाडजूड लोखंडी कवचात बसवलेली पोलादाची तबकडी, व्यास १.६ मीटर. वंगणाचं तेल खेळतं झालं की मोटर वेग घेऊ लागते, घरघर चढत जाते, तिची शिट्टी होते, आणि तबकडी मिनिटाला २,११५ फेऱ्यांवर स्थिरावते. तिच्या कडेला ४८८ खाचा आहेत. हिशेब करून पाहा: सेकंदाला ३५.२५ फेरे, गुणिले ४८८. उत्तर येतं १७,२०२. म्हणजे सेकंदाला सतरा हजार दोनशे कंपनं, १७.२ किलोहर्ट्झ. व्हॉल्व्ह नाही, ट्रान्झिस्टर नाही. पिठाच्या गिरणीतलं जातं फिरावं तशी ही तबकडी फिरते आणि रेडिओची लहर दळते.

ही लहर साडेसतरा किलोमीटरच्या आसपास लांब आहे. सीएसएमटीवरून लोकलने निघालात, तर कुर्ला मागे पडल्यावर ती एकदाची पूर्ण होईल. अँटेनाने मनासारखं काम करायचं तर तिची उंची लहरीच्या निदान पाव हिश्श्याएवढी हवी, असा ठोकताळा आहे. इथे पाव हिस्सा म्हणजे सुमारे ४,३६० मीटर. अडीच कळसूबाई एकावर एक रचले तरी कमी पडतील. ग्रिमेटॉनला आहेत ते सहा मनोरे, प्रत्येकी १२७ मीटर उंच. एकमेकांपासून ३८० मीटरवर रांगेत उभे, प्रत्येकाच्या डोक्यावर ४६ मीटर लांब आडवा हात. खाली उभं राहून पाहणाऱ्याची मान दुखते. लहरीच्या हिशेबात मात्र हा मनोरा एकशे सदतिसावा हिस्सा भरतो. आपल्याकडच्या एखाद्या एफएम केंद्राने अर्ध्या आगकाडीएवढ्या तारेवरून शहरभर गाणी ऐकवायची म्हणावं, तसला हा प्रकार.

जगातल्या सगळ्यांत अवाढव्य अँटेना या अशा खऱ्या अर्थाने चिमुकल्या होत्या. १९०७ ते १९२७ ही वीस वर्षं रेडिओच्या इतिहासात मोजायची ती या विसंगतीशी झालेल्या झुंजीची.

मुळात एवढ्या लांब लहरींच्या नादी लागलं कोण? आरंभ तर उलट्या टोकाने झाला होता. १८९५च्या सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस मिलिमीटरांत मोजाव्यात अशा लहरींवर प्रयोग करत होते. त्यांचं कर्णे-नळ्यांचं सगळं साहित्य टेबलावर मावे आणि तरी ते लहरीपेक्षा मोठंच असे. पण मार्कोनींना अंतर हवं होतं. अंतर वाढवायचं तर तार उंच करा, तार उंच केली की लहर आपोआप लांबते, आणि लांब लहर खरोखरच दूर पोचते, असा त्यांचा अनुभव. १९०७ साली आयर्लंडमधल्या क्लिफडन इथून त्यांनी अटलांटिकपार व्यापारी सेवा सुरू केली, तेव्हा लहर सहा हजार मीटरच्या पुढे गेली होती. पुढे अमेरिकन नौदलातले लुई ऑस्टिन यांनी अमेरिकेतल्या ब्रँट रॉकच्या केंद्रावरून निघालेले संदेश समुद्रातल्या युद्धनौकांवर मोजले आणि लुई कोहेन यांच्याबरोबर एक सूत्र बसवलं. लहर जितकी लांब तितकी ती वाटेत कमी विरते, हे त्यातून निघालं. मोजमापं होती तेवढ्या टापूत सूत्र बरोबर होतं. घोटाळा एवढाच झाला की जिथे कोणी मोजलंच नव्हतं तिथेही लोकांनी ते खरं मानलं. त्याची किंमत पुढे चुकती करावी लागली.

लहर लांबवली की अँटेनाचं काय होतं, हे जरा जवळून पाहायला हवं. अँटेनात सोडलेली वीज दोन वाटांनी खर्च होते. काही लहर होऊन आकाशात निघून जाते, बाकीची तारा, कॉईल आणि पायाखालची जमीन तापवते. पहिल्या खर्चाला अभियंते प्रारण-रोध म्हणतात आणि तोही ओहममध्येच मोजतात. हा रोध उंची आणि तरंगलांबी यांच्या गुणोत्तराच्या वर्गाप्रमाणे बदलतो. लहर दुप्पट करा, तो चौथाई होतो. ग्रिमेटॉनच्या मापाच्या अँटेनात तो ०.०५ ओहमच्या आसपास येतो. जमिनीचा आणि कॉईलचा रोध मात्र त्या काळच्या बांधणीत सहज दोन-चार ओहम असे. शेताला पाटाने पाणी सोडावं आणि पाट मुरमाड निघावा, तशी गत. मोट कितीही जोरात हाका, पाणी शेतापर्यंत पोचतच नाही. इथे तर मुरणंही शब्दशः जमिनीतच होत होतं.

दुसरी अडचण सुराची. लहरीच्या मानाने बुटकी अँटेना म्हणजे नुसता कपॅसिटर, वीज साठवून परत फेकणारा. तिला वश करायची तर खाली मोठाली कॉईल जोडून दोघांचा सूर जुळवावा लागतो. झोका त्याच्या तालावर ढकलला की थोड्या जोरात उंच जातो, तसं. पण झोका जितका उंच, तितका तो तालाच्या बाबतीत हट्टी. सूर जरा चुकला की प्रवाह कोसळतो. म्हणून या केंद्रांवरून आवाज पाठवणं जवळपास अशक्य होतं. चालायची ती मोर्सची टिकटिक, तीही बेताच्या वेगाने.

ठिणगी पाडून लहर काढणारे जुने प्रेषक तर इथे कमीच पडत होते. ठिणगीची लहर म्हणजे घंटेवर घातलेला घाव, वाजला आणि विरला. हवी होती बासरीसारखी सलग, एका सुरातली लहर. कॅनडात जन्मलेले रेजिनल्ड फेसेंडेन यांना वाटलं की घराघरांत वीज देणारा अल्टरनेटरच हजारपट वेगाने फिरवला तर हे साधेल. त्यांनी १९०४ साली जनरल इलेक्ट्रिककडे मागणी नोंदवली: सेकंदाला एक लाख कंपनं देणारं यंत्र बनवून द्या. काम आलं एका तरुण स्वीडिश अभियंत्याकडे. अर्न्स्ट अलेक्झांडरसन. जन्म १८७८, उप्साला. स्टॉकहोमला आणि बर्लिनला शिकून हा मुलगा अमेरिकेत आला तो स्टाइनमेट्झ या विद्युतशास्त्रातल्या दिग्गजाच्या हाताखाली काम करायचं ठरवूनच.

फेसेंडेन हट्टी गिऱ्हाईक. यंत्राच्या स्थिर भागात लोखंड नको, लाकूड वापरा, असा त्यांचा आग्रह. अलेक्झांडरसन यांना तो पटत नव्हता, तरी त्यांनी गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे लाकडी गाभ्याचं यंत्र करून दिलं आणि नंतर आपल्या मनाप्रमाणे पातळ लोखंडी पत्र्यांचं बनवलं. पुढे टिकलं ते हेच. १९०६च्या नाताळात ब्रँट रॉकवरून फेसेंडेन यांनी व्हायोलिन वाजवून जगातलं पहिलं रेडिओ-प्रसारण केलं अशी कथा सांगतात. तिच्याबद्दल इतिहासकारांत वाद आहे, त्यात आपण पडायला नको. एवढं खरं की लाखभर कंपनांचं ते यंत्र लहान होतं. समुद्र ओलांडायला हवी होती शेकडो किलोवॅटची शक्ती.

ती मिळाली न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक इथे. केंद्र मार्कोनी कंपनीच्या अमेरिकन शाखेचं, पहिल्या महायुद्धामुळे अमेरिकन नौदलाच्या ताब्यात गेलेलं. १९१७ साली तिथे ५० किलोवॅटचा आणि पुढल्या वर्षी २०० किलोवॅटचा अल्टरनेटर बसला. अलेक्झांडरसन यांचं नाव सगळे या यंत्रामुळे घेतात. माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम यंत्राच्या खोलीबाहेर, उघड्या माळावर झालं.

मार्कोनींची अँटेना दीड-एक किलोमीटर लांब पसरलेली होती. एका टोकाला वीज भरायची आणि तिथेच अर्थिंग. म्हणजे सगळा प्रवाह त्या एका जागी जमिनीत उतरणार. मोजलेला एकूण रोध साडेतीन ओहमच्या वर. त्यातला लहर होऊन बाहेर पडणारा भाग ओहमचा दहावा हिस्साही नाही. दोनशे किलोवॅट घाला, चार-पाच किलोवॅट आकाशात, बाकीचे न्यू जर्सीची माती शेकायला. अलेक्झांडरसन यांनी आडव्या तारांना जागोजागी खाली उतरणाऱ्या वाटा काढून दिल्या. प्रत्येक वाटेच्या तळाशी स्वतःची कॉईल, स्वतःचं अर्थिंग, सगळ्यांचा सूर एकच. आता प्रवाह सहा ठिकाणी विभागला असं धरा. एकेका जागी प्रवाह सहावा हिस्सा, पण नुकसान प्रवाहाच्या वर्गाने, म्हणून ते छत्तिसावा हिस्सा. अशा सहा जागा, म्हणजे एकूण नुकसान सहावा हिस्सा. वर जाणाऱ्या लहरीला मात्र सगळ्यांचा मिळून पूर्ण प्रवाह मिळतो. शाळकरी गणित आहे हे. पण त्याआधी दहा वर्षं थोरामोठ्यांनी मनोरे उंच करण्यात आणि यंत्रं मोठी करण्यात पैसा ओतला, हे गणित कुणी मांडलं नव्हतं. न्यू ब्रन्सविकचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास आला. यंत्र तेच, कोळसा तोच, आकाशात जाणारी शक्ती कित्येक पट.

दुसरं कोडं वेगाचं होतं. मोर्सची कळ दाबली की यंत्रावर एकदम भार येतो, चाक मंदावतं. कळ सोडली की उसळतं. आणि वर सांगितलेला हट्टी झोका तर ताल चुकू देत नाही. म्हणून पन्नास टन वजनाच्या धुडाचा वेग हजारातल्या एका भागाच्या आत राखणारी यंत्रणा अलेक्झांडरसन यांनी बसवली. शेकडो अँपिअरचा प्रवाह कळीने तोडायचा कसा, हाही प्रश्न होताच. त्यावर त्यांनी लोखंडी गाभ्याचा चुंबकीय प्रवर्धक काढला, बारीक प्रवाहाने मोठा प्रवाह आवरणारा. जानेवारी १९१८ मध्ये अध्यक्ष विल्सन यांचे चौदा मुद्दे युरोपच्या आकाशात गेले ते न्यू ब्रन्सविकहून.

युद्ध संपताच मार्कोनी कंपनीने हे अल्टरनेटर घाऊक घ्यायची बोलणी सुरू केली. जगातल्या समुद्री तारा आधीच ब्रिटिशांच्या मुठीत, आता रेडिओही जाणार, म्हणून अमेरिकन नौदल अस्वस्थ झालं. नौदलाच्या दडपणाखाली जनरल इलेक्ट्रिकने ती विक्री सोडून दिली आणि ऑक्टोबर १९१९ मध्ये नवी कंपनी उभी केली: आरसीए. आपल्या आजोबांच्या पिढीने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर ज्या कंपनीची अक्षरं वाचली, ती जन्मली या दातेरी तबकडीपायी.

आरसीएने लाँग आयलंडवर रॉकी पॉइंट इथे १९२१ साली केंद्र उघडलं. आराखडा चाकाच्या आऱ्यांसारख्या ७२ मनोऱ्यांचा होता. उभे राहिले बारा. त्याचंच जुळं भावंड स्वीडनने मागवलं. लाखो स्वीडिश लोक अमेरिकेत स्थायिक झालेले, आणि महायुद्धात परक्यांच्या समुद्री तारांवर विसंबलं की घरच्या चिठ्ठ्याही अडतात हा अनुभव ताजा. ग्रिमेटॉनची जागा निवडली ती नकाशावर रेघ मारून: तिथून न्यूयॉर्ककडे जाणारी लहर नॉर्वेच्या खालून आणि डेन्मार्कच्या वरून बरीचशी पाण्यावरूनच जाते. २ जुलै १९२५ रोजी राजे पाचवे गुस्ताव यांनी केंद्राचं उद्घाटन केलं. अलेक्झांडरसन स्वतः हजर होते.

त्याच्या दोन वर्षं आधी त्यांच्या घरी वेगळंच घडलं होतं. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाला कोणी पळवून नेलं. बातमी रेडिओवरून सांगितली गेली, एका ऐकणाऱ्याने मुलाला ओळखलं, आणि पोरगा परत मिळाला. रेडिओने बापाचं ऋण फेडलं, असं म्हणायचा मोह होतो.

याच सुमारास जावामध्ये डच अभियंता कॉर्नेलिस द ग्रूट यांनी मनोऱ्यांचा नादच सोडला. बांडुंगजवळच्या मलबार डोंगराच्या घळीत त्यांनी कड्यापासून कड्यापर्यंत तारा ताणल्या आणि निसर्गाचीच उंची वापरली. १९२३ साली तिथून हॉलंडशी, बारा हजार किलोमीटरवर, संपर्क सुरू झाला. डोंगरच मनोरा केला, तरी लहरीपुढे तोही ठेंगणाच.

आणि मग हे सगळं एकाएकी शिळं झालं.

१९१२च्या अमेरिकन कायद्याने हौशी मंडळींना २०० मीटरच्या खालच्या लहरी देऊन टाकल्या होत्या. कुणाच्या उपयोगाच्या नाहीत, खेळा त्यांच्याशी, असा भाव. ऑस्टिन यांच्या सूत्रावरचा विश्वास! नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या नीसचे लेओं देलोय आणि अमेरिकेतल्या हार्टफर्डचे फ्रेड श्नेल हे दोन हौशी ११० मीटरच्या आसपासच्या लहरीवर अटलांटिकपार एकमेकांशी बोलले, घरगुती सामग्रीवर. लघुलहरी जमिनीलगत लवकर विरतात हे खरं, पण त्या वर वातावरणातल्या आयनांबर या थरावर आपटून खंडच्या खंड ओलांडतात. सूत्रात हा वरचा रस्ताच नव्हता. मार्कोनीही तोवर आपल्या इलेत्रा या नौकेवरून त्याच निष्कर्षाला आले होते. जुलै १९२४ मध्ये त्यांनी ब्रिटिश सरकारशी करार केला: साम्राज्याच्या टोकांना लघुलहरींच्या झोताने जोडू.

भारताचं टोक पुण्याजवळ आलं. प्रेषण खडकीला, ग्रहण दौंडला. पलीकडे इंग्लंडमधली ग्रिम्सबी आणि स्केग्नेसची केंद्रं. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते ही सेवा सुरू झाली. मुंबईच्या नभोवाणी केंद्राचं उद्घाटनही त्याच दिवशी, त्यांच्याच हस्ते. मुंबईचा सोहळा सगळ्यांना आठवतो. खडकी-दौंडचं नाव निघत नाही. वास्तविक मोठा बदल तिथेच होता. लहर काही दशक मीटरांची, आणि अँटेनाचे मनोरे तिच्याहून उंच. समुद्रापार बोलणाऱ्या केंद्राला लहरीच्या तोडीस तोड अँटेना मिळाली, शक्ती हव्या त्या दिशेला वळवता येऊ लागली, आणि शेकडो किलोवॅटचं काम काही दशक किलोवॅटवर भागलं. या झोताच्या, म्हणजे बीम सेवेच्या स्वस्ताईने समुद्री तारांच्या कंपन्यांचं कंबरडं असं मोडलं की १९२९ साली तारवाले आणि बिनतारी यांना एकाच छत्राखाली आणावं लागलं. आपल्याकडे ही सेवा १९४७ साली सरकारने ताब्यात घेतली. ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस ती हीच, म्हणजे पुढची व्हीएसएनएल.

ग्रिमेटॉन वाचलं ते पाणबुड्यांमुळे. लघुलहर समुद्राच्या पृष्ठभागाशी थांबते, पण अतिदीर्घ लहर खाऱ्या पाण्यात काही मीटर उतरते, आणि पाण्याखालच्या कप्तानाला तेवढं पुरतं. जर्मनीने १९४३ साली काल्बे इथे गोलियाथ नावाचा मेगावॅटचा प्रेषक त्यासाठीच उभारला. युद्धानंतर रशियनांनी तो सुटा करून नेला आणि आपल्याकडे पुन्हा जोडला. नौदलांना पुन्हा तीच बुटकी अँटेना गळ्यात घ्यावी लागली.

या बुटकेपणाचा कायदा कागदावर यायला १९४७ उजाडलं. हॅरोल्ड व्हीलर यांनी दाखवलं की छोट्या अँटेनाची कुवत ती व्यापत असलेल्या आकारमानावर ठरते, तारा कशाही वळवा. पुढल्या वर्षी एमआयटीचे लॅन जेन चू यांनी ती मर्यादा गणितात पक्की केली: माप निम्मं केलं तर नुकसान न करता मिळणारा पट्टा आठव्या हिश्श्यावर येतो. न्यू ब्रन्सविकच्या माळावर अलेक्झांडरसन याच भिंतीशी झगडत होते, फक्त तेव्हा ती कुणी आखलेली नव्हती. मोबाइलमध्ये अँटेना बसवणारा आजचा अभियंताही हीच दोन नावं घेऊन कपाळ चोळतो.

१९६१ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात कटलर इथे उभं राहिलेलं केंद्र या विद्येचा कळस मानायला हरकत नाही. २६ मनोरे, मधला जवळपास तीनशे मीटर, जमिनीत पुरलेली तांब्याची तार तीन हजार किलोमीटरच्या घरात. लहरीपुढे ही अँटेनाही चिमुकलीच, तरी घातलेल्या शक्तीतले सत्तर टक्क्यांहून जास्त आकाशात जातात. किमया यंत्राची कमी, जमिनीत गाडलेल्या तांब्याची जास्त.

भारतीय नौदलाचं असं केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आहे, आयएनएस कट्टबोम्मन, १९९० पासून. त्याची १८.२ किलोहर्ट्झची लहर आयनांबराचे अभ्यासकही मोजतात. संदेश सांकेतिक असतात, ते आपल्याला कळणार नाहीत, कळायचं कारणही नाही. पण नुसती लहर पाहायची असेल तर लाकडी चौकटीवर इनॅमलच्या तारेचे शंभरेक वेढे घ्या, छोटा प्रवर्धक जोडून लॅपटॉपच्या मायक्रोफोनच्या खाचेत द्या, चार्जर काढून ठेवा आणि ध्वनीचा वर्णपट दाखवणारा एखादा फुकट प्रोग्राम उघडा. साउंड कार्ड २४ किलोहर्ट्झपर्यंत पाहू शकतं. अठराच्या किंचित पुढे उभी रेघ दिसते का बघा, आणि सूर्योदयाच्या वेळी तिच्यावर नजर ठेवा. तेव्हा ती बदलते.